पहिलं कणीस कुणाच्या वाट्याला? जगातल्या सुगीच्या सणांविषयी

प्रश्न थोडक्यात असा. टोरांटोजवळच्या एका मराठी मंडळात ऑक्टोबरात मुलांसाठी ‘जगातले सुगीचे सण’ असा कार्यक्रम ठरतोय. त्याची जबाबदारी घेतलेल्या ताई विचारतात, ‘थँक्सगिव्हिंग म्हणजे इकडच्या लोकांचा दसरा, असं मुलांना सांगितलं तर चालेल का? कुठकुठले देश घेऊ? आणि नाच-गाणी-जेवण सोडून आणखी काय दाखवता येईल?’

ताई, दसरा म्हणून सांगू नका. मुलं शाळेत जाऊन तसंच सांगतील आणि दोन्ही सणांवर अन्याय होईल. थँक्सगिव्हिंगचा इतिहास वेगळा आहे, तो खाली येतोच. देशांची यादीही आधी करू नका. एक टेबल जपानचं, एक घानाचं, एक पंजाबचं असं मांडलं की मुलं टेबलावरचा खाऊ खातात आणि पुढे सरकतात.

शेतीच्या रूढी-रिवाजांच्या नोंदी करत गावोगाव हिंडण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. त्यातून एक सवय जडली आहे. कुठलाही सुगीचा सण समोर आला की मी तीन गोष्टी विचारतो. पीक कुठलं? सणाच्या दिवशी ते कुठे असतं, शेतात उभं, खळ्यावर की कणगीत? आणि त्यातला पहिला वाटा कुणाचा? आभार मानणं ही गोष्ट सगळीकडे असतेच असं नाही. जुन्या सणांत तर आभारांपेक्षा परवानगी मागणं आणि वाटे चुकते करणं हेच जास्त दिसतं. ही तीन प्रश्नांची दोरी हातात धरली की देश आपोआप जागेवर बसतात.

सुरुवात भाद्रपद शुद्ध पंचमीपासून करा. महाराष्ट्रात ही ऋषिपंचमी. व्रत करणाऱ्या बायका या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. नांगरलेल्या जमिनीतलं धान्य वर्ज्य, म्हणून परसातलं अळू, माठ, पडवळ, सुरण असं सगळं घालून ऋषीची भाजी. त्याच तिथीला गोव्यात नव्याची पंचमी असते. चवथीच्या दुसऱ्या दिवशी भाताच्या पहिल्या लोंब्या आणून गणपतीपुढे ठेवतात. आणि त्याच तिथीला पश्चिम ओडिशात नुआखाई. संबलपूरला समलेश्वरी देवीला ठरल्या मुहूर्तावर नव्या तांदळाचा नैवेद्य दाखवतात, मग घरातला कर्ता सगळ्यांना नवं वाटतो आणि धाकटे थोरांच्या पाया पडून ‘नुआखाई जुहार’ म्हणतात. एकाच दिवशी एका ठिकाणी नांगरलेलं तोंडात घालायचं नाही, आणि दुसऱ्या दोन ठिकाणी नांगरलेलं पहिल्यांदा तोंडात घालायचं. पंचांग सगळ्यांचं एकच, सण मात्र ज्याच्या त्याच्या शेतीचा.

इथे एक गोष्ट शेतकऱ्याच्या पोराला सांगावी लागत नाही, पण टोरांटोतल्या मुलांना सांगावी लागेल. भाद्रपदात सगळं भात तयार नसतं. हळवं भात आधी पिकतं, मग निमगरवं, शेवटी गरवं. पंचमीला जी लोंबी देवापुढे येते ती हळव्याची. गरवं अजून पोटरीतसुद्धा, म्हणजे कणीस पानाच्या आत धरण्याच्या टप्प्यालाही, आलेलं नसतं. म्हणजे हा सण सुगी संपल्याचा नाही, तो सुगी चालू करण्याचा आहे.

आमच्याकडे कोकणात हेच काम दसऱ्याला किंवा आश्विनी पौर्णिमेला होतं. तुम्ही ज्या रात्री कोजागरीचं दूध आटवता तीच नव्याची पुनव. भाताची लोंबी, वरीची लोंबी, नाचणीचं कणीस, कुरडूचा तुरा आणि झेंडूचं फूल आंब्याच्या पानात घेऊन दोरीने बांधतात. याला ‘नवं’ म्हणतात. एक दाराला, एक देव्हाऱ्याला, एक तुळशीला, मग कणगी, नांगर, विहीर. हल्ली मोटरसायकलच्या हँडललाही बांधलेलं दिसतं, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. ज्याच्यावर घर चालतं त्याला नवं बांधायचं, हा हिशेब जुनाच आहे. त्या लोंबीतले चार दाणे नखाने सोलून खिरीत किंवा भातात टाकतात, आणि त्यानंतर घरात नवं धान्य खायला मोकळीक होते.

गोव्यातल्या आणि वसई-मुंबईतल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांनी धर्म बदलला, हा विधी सोडला नाही. गोव्यात कोणसांचं फेस्त ऑगस्टात येतं. सासष्टीतल्या रायला 5 तारखेला, ताळगावला 21 तारखेला. पाद्री शेतात जाऊन लोंब्यांना आशीर्वाद देतात, विळ्याने कापणी होते, लोंब्या मिरवणुकीने चर्चमध्ये आणि मग घरोघर जातात. वसई, गोराई या पट्ट्यातल्या ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या मराठी ख्रिस्ती लोकांचा आगेरा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी असतो. तिथेही भाताची कणसं वाजतगाजत चर्चमध्ये नेतात. दारावरचं नवं आणि वेदीवरची लोंबी शेजारी ठेवून दाखवा, फार बोलावं लागणार नाही.

आता बाहेर पडा. जपानमध्ये 23 नोव्हेंबरला सम्राट राजवाड्याच्या आवारातल्या देवळात रात्री नवा तांदूळ देवांना वाहतो आणि मग स्वतः खातो. या विधीचं नाव निइनामेसाई. नवा सम्राट गादीवर आला की त्याचा पहिला निइनामे फार मोठा होतो, सम्राट नारुहितोंचा 2019 च्या नोव्हेंबरात झाला. महायुद्धानंतर धर्म आणि राज्य वेगळं करायचं ठरलं, तेव्हा 1948 च्या कायद्याने याच तारखेला ‘श्रमाबद्दल कृतज्ञतेचा दिवस’ असं नाव दिलं. सुट्टी तीच राहिली, देवाच्या जागी कामगार आला. राजवाड्यात मात्र विधी चालूच आहे.

नायजेरियातल्या इग्बो लोकांचं पीक वेगळं. तिथे मोठेपणा सुरणासारख्या याम नावाच्या कंदावर मोजला जातो. ऑगस्टच्या सुमाराला नव्या यामचा सण येतो. त्याआधी नवा कंद कुणी खायचा नाही आणि जुने कंद संपवून किंवा टाकून द्यायचे. मग गावातला वडीलधारा माणूस किंवा राजा देवाला आणि पितरांना पहिला कंद देतो, स्वतः खातो, आणि त्यानंतर गाव खातं. भाजलेला याम, सोबत पाम तेल.

ही बंदी का? श्रद्धेचं कारण ज्याचं त्याला माहीत. मला दिसतं ते असं, की पीक तयार होण्याआधीचे काही आठवडे वर्षातले सगळ्यात उपाशी असतात. कणगीत खडखडाट आणि डोळ्यांसमोर हिरवं पीक. अशा वेळी कच्चं कणीस तोडायचा मोह सगळ्यांनाच होतो, आणि एकाने तोडलं की दुसरा थांबत नाही. तेव्हा कधी तोडायचं हे पोटाने ठरवण्यापेक्षा देवाने ठरवलेलं बरं.

उपासमारीचा हा विषय आपल्या सणांच्या वर्णनात झाकला जातो. घानाच्या राजधानीत, आक्रामध्ये, गा लोक तो उघड बोलतात. त्यांचा होमोवो हा सणच मुळी भुकेची टर उडवण्याचा. आधी पेरणीचा विधी, त्यानंतर सुमारे महिनाभर ढोल आणि गोंगाटाला बंदी, आणि ऑगस्टच्या आसपास सण. मक्याच्या आंबवलेल्या पिठाचं वाफवलेलं क्पोक्पोई पामच्या फळांच्या रश्श्याबरोबर खातात, आणि प्रमुख मंडळी ते रस्त्यावर पितरांसाठी शिंपडत जातात. आसामातला कोंगाली बिहू याचा शांत भाऊ म्हणायला हरकत नाही. ऑक्टोबरच्या मध्यात, कोठार रिकामं असताना, उभ्या भातात पणती लावायची. बाकी गाजावाजा नाही. मेजवानीचा बिहू पुढे माघात, जानेवारीत येतो. मुलांना दोन्ही बिहू दाखवा. एकटा माघ बिहू दाखवला तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल.

तुमच्या कार्यक्रमासाठी सगळ्यात देखणा मुद्दा मात्र पौर्णिमेचा आहे. 2025 साली 6 ऑक्टोबरला आपली कोजागरी होती. त्याच दिवशी कोरियात चुसॉक, चीनमध्ये मध्य-शरद सण, आणि सूर्यास्तानंतर ज्यू लोकांचा सुक्कोत सुरू झाला. सगळी पंचांगं महिना चंद्रावर मोजणारी आणि अधिक मास घालून सूर्याशी जुळवून घेणारी, त्यामुळे असं होतं. दरवर्षी नाही होत, कारण अधिक मास कधी घालायचा याचे नियम वेगवेगळे. 2024 मध्ये चुसॉक 17 सप्टेंबरला होऊन गेला, आणि कोजागरी व सुक्कोत महिन्याने, 16 ऑक्टोबरला आले.

पौर्णिमाच का, हे मुलांना आकाश दाखवून सांगता येईल. एरवी चंद्र रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा उगवतो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पौर्णिमेच्या आसपास उत्तरेकडच्या देशांत हा उशीर बराच कमी होतो. टोरांटोच्या अक्षांशावर तो अर्ध्या तासाच्या आसपास येतो. म्हणजे लागोपाठ काही दिवस सूर्य मावळताच चंद्र हजर. ट्रॅक्टरचे दिवे नव्हते तेव्हा कापणी लांबवायला हा उजेड सोन्यासारखा. आपल्याकडे मुंबई-रत्नागिरीच्या अक्षांशावर फरक इतका जाणवत नाही, तरी रात्री खळं राखायला चांदणं आपल्यालाही लागायचंच.

चुसॉकमध्ये आपल्या लोकांना ओळखीचं खूप सापडतं. नव्या तांदळाच्या पिठाच्या पारीत तीळ किंवा शेंगांचं सारण भरून अर्धचंद्रासारखी मुरडलेली सोंगप्योन पाइनच्या सुयांवर वाफवतात. आपल्या घरी हळदीच्या पानावर उकडीचं काही वाफवतात त्याच जातीची ही हिकमत, वासही लागतो आणि खाली चिकटतही नाही. सकाळी पितरांना नव्या धान्याचं जेवण मांडतात. सणाआधी घरातले लोक गावी जाऊन पूर्वजांच्या कबरींवरचं वाढलेलं गवत कापतात. आणि तांदूळ? चुसॉक लवकर आला की मुख्य पीक तयार नसतं, म्हणून लवकर येणाऱ्या भाताची सोंगप्योन वेगळी मानलेली. म्हणजे त्यांचंही हळवं भातच. आपल्याकडे पितृपक्ष आणि नवं पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने येतात, कोरियात दोन्ही एकाच ताटात.

सुक्कोतचं पीक आणखी वेगळ्या टप्प्यावर असतं. इस्रायलमध्ये जव आणि गहू उन्हाळ्याच्या तोंडालाच निघतात, त्यांचे सण आधी होऊन गेलेले असतात. शरदात येतात द्राक्षं, खजूर, ऑलिव्ह. बायबलच्या जुन्या करारात हा सण कधी करायचा तर ‘खळ्यातलं आणि द्राक्षकुंडातलं गोळा झाल्यावर’ असं सांगितलं आहे. सात दिवस घराबाहेर झोपडीत बसून जेवायचं. छत फांद्यांचं, तेही असं की आत उन्हापेक्षा सावली जास्त पडली पाहिजे. पुढे या झोपडीला इजिप्त सोडल्यानंतरच्या वाळवंटातल्या मुक्कामाची आठवण जोडली गेली.

झोपडी म्हटलं की लातूर, धाराशिव, सोलापूरकडच्या माणसाला येळवस आठवणारच. मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे बहुधा डिसेंबरच्या अखेरीस, ज्वारी पोटरीत-कणसात असते आणि हरभऱ्याला घाटे धरत असतात. शेतात कडब्याची खोप उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडून त्यांना पांडव म्हणायचं. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, मडक्यात आंबील. पूजा झाली की आंबील शिवारभर शिंपडत फिरायचं. लातूर शहरातले रस्ते त्या दिवशी ओस पडतात, ज्याला शेत नाही त्याला शेतवाला आवर्जून बोलावतो. पण नीट बघा, ही सुगी नाही. पीक भरण्याच्या टप्प्यावर आहे आणि जमिनीला गर्भार बाईसारखं खाऊ घालणं चाललं आहे. खोप दोन्हीकडे आहे, म्हणून येळवस म्हणजे मराठवाड्याचा सुक्कोत असं कुणी म्हणालं तर मी थांबवेन. एकाचं धान्य घरात पोचलं आहे, दुसऱ्याचं अजून रानात.

आता शेत आणि कणगी यांच्या मधला टप्पा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, आणि कार्यक्रमांत हमखास गाळला जाणारा: खळं. शेणाने सारवलेली गोल जमीन, मधोमध तिवडा म्हणजे रोवलेला खांब, त्याभोवती फिरणारे बैल, मग वाऱ्यावर उफणणी आणि शेवटी रास. राशीची पूजा होते आणि मापणी सुरू होते. अनेक गावांत पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणतात, पुढे दोन, तीन. त्यानंतर खळ्यावरूनच बलुतं जायचं. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, चांभार, महार, मांग, ज्याचं त्याचं ठरलेलं.

हे सांगताना गोड रंग लावू नका. वर्षभराच्या कामाचा मोबदला खळ्यावर, देणाऱ्याच्या मर्जीने आणि जातीच्या उतरंडीने मिळायचा. याच व्यवस्थेतल्या महार वतनाच्या, म्हणजे गावकीच्या पिढीजात कामाच्या, जाचाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं. वतन कायद्याने जायला 1958 उजाडलं. सुगी साजरी होत असताना खळ्याच्या कडेला कोण उभं होतं, हा प्रश्न मोठ्या मुलांना विचारायला हरकत नाही. नववी-दहावीची मुलं त्याने बिथरत नाहीत, उलट पहिल्यांदा नीट ऐकायला लागतात.

वाट्याचा नियम जगभर लिहून ठेवलेला सापडतो. ज्यूंच्या धर्मशास्त्रात शेताचा कोपरा कापायचा नाही आणि पडलेली कणसं उचलायची नाहीत, ती गरिबांची आणि परक्यांची. कोपरा म्हणजे किती, यावर मिश्ना या ज्यूंच्या जुन्या नियमग्रंथात निदान साठावा भाग असं ठरवून दिलं आहे. आपल्याकडे सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात पडून राहिलेली कणसं, वेचायला येणाऱ्या बायकांना हाकलत नसत, तो रिवाज होता. इंग्लंडमध्येही होता, पण 1788 साली कोर्टाने निकाल दिला की सरवा वेचण्याचा सर्वसाधारण कायदेशीर हक्क कुणालाही नाही. आणि आज इंग्लंडच्या चर्चमध्ये भोपळे-पाव मांडून जो ‘हार्वेस्ट फेस्टिव्हल’ होतो त्याची आजची पद्धत कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टो गावी रॉबर्ट हॉकर या पाद्र्याने 1843 साली सुरू केली असं मानतात. म्हणजे वाटा आधी गेला, पूजा मागाहून आली. योगायोग असेल, पण मला तो बोलका वाटतो.

मुसलमानांचा सुगीचा सण कुठला, असं कुणीतरी नक्की विचारेल. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान, त्यामुळे त्याचे महिने सगळ्या ऋतूंतून फिरतात. ठरलेल्या तारखेचा सुगीचा सण त्यात बसूच शकत नाही. पण कुराणात पिकाचा हक्क कापणीच्या दिवशीच देऊन टाका असं सांगितलं आहे, आणि त्याचं माप फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्रात, ठरलं: पावसावर आलं तर दहावा हिस्सा, मोटेने-रहाटाने पाणी द्यावं लागलं तर विसावा. याचं नाव उश्र. कोरडवाहू आणि बागायतीतला फरक, घामाचा हिशेब धरून, इतक्या स्वच्छपणे मांडलेला मला दुसरीकडे कमीच भेटला. इथे नाच नाही, फराळ नाही, म्हणून कार्यक्रमातून वगळू नका. तराजू ठेवा आणि दहा वाट्यांतली एक बाजूला काढून दाखवा.

याला जोड हवी असेल तर छत्तीसगडचा छेरछेरा घ्या. पौष पौर्णिमेला पोरं टोळ्या करून दारोदार जातात, ‘छेरछेरा, कोठी के धान ला हेर हेरा’ असं ओरडत धान मागतात, आणि मागणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नसतं. मुलांना हे लगेच जमतं, हॅलोवीन त्यांना माहीत असतोच.

आता थँक्सगिव्हिंग. अमेरिकेतली गोष्ट मुलं शाळेत ऐकतात ती अशी: 1621 च्या शरदात प्लिमथला इंग्रज वसाहतवाल्यांची पहिली सुगी झाली आणि त्यांनी मूळ रहिवाशांबरोबर मेजवानी केली. मेजवानी खरी आहे. तिथल्या एका वसाहतवाल्याच्या, एडवर्ड विन्स्लोच्या पत्रात ती आहे: वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मासासोइट सुमारे नव्वद माणसं घेऊन आला, तीन दिवस राहिला, त्यांनी पाच हरणं मारून आणली. पण हे त्या पाहुण्यांच्या अंगणात झालं होतं. त्याआधीच्या चार-पाच वर्षांत युरोपातून आलेल्या साथीने किनाऱ्यावरची गावंच्या गावं ओस पडली होती, आणि मका कसा लावायचा हे टिस्क्वांटम नावाच्या अशाच उजाड गावातल्या माणसाने इंग्रजांना शिकवलं. मासासोइटच्या मुलाच्या काळात, 1675 मध्ये, दोघांत युद्ध पेटलं आणि वाम्पानोआग त्यात चिरडले गेले.

सुट्टीचा या मेजवानीशी संबंध नंतर जोडला. सारा जोसेफा हेल या संपादिकेने बरीच वर्षं पाठपुरावा केला आणि 1863 साली, यादवी युद्ध चालू असताना, लिंकनने नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी आभाराचा दिवस जाहीर केला. 1939 मध्ये रूझवेल्टने तो आठवडाभर आधी आणला, कारण दुकानदारांना नाताळच्या खरेदीला जास्त दिवस हवे होते. काही राज्यांनी ऐकलं नाही. 1941 मध्ये चौथा गुरुवार कायद्याने पक्का झाला. नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत शेतात काहीच उभं नसतं. माझ्या तीन प्रश्नांत हा सण बसवला तर पीक घरात येऊन बरेच दिवस झालेले आणि पहिला वाटा कुणाचा याचा उल्लेखच नाही. तो राष्ट्राचा आणि कुटुंबाचा सण आहे, शेतकऱ्याचा फारसा नाही. 1970 पासून प्लिमथला त्याच दिवशी मूळ रहिवासी शोकदिन पाळतात, हेही सांगा.

कॅनडाचा दिवस वेगळा. ऑक्टोबरचा दुसरा सोमवार 1957 साली ठरला आणि त्या घोषणेत भरघोस सुगीबद्दल देवाचे आभार असा स्पष्ट उल्लेख आहे. हिवाळा लवकर, म्हणून सुट्टीही लवकर.

पण तुम्ही ओंटारिओत आहात, तेव्हा आणखी जवळचं काहीतरी आहे. ग्रँड नदीकाठी हौदेनोसौनी या मूळ रहिवाशांची वस्ती आहे. त्यांच्याकडे सभा-समारंभाच्या आधी आभाराचं एक लांब भाषण होतं. आधी माणसं, मग पृथ्वी, पाणी, मासे, वनस्पती, मका-घेवडा-भोपळा ही तीन बहिणींची पिकं, प्राणी, वारे, सूर्य, चंद्र, तारे असं एकेकाचं नाव घेत पुढे जायचं, आणि प्रत्येक टप्प्यावर ऐकणाऱ्यांनी होकार द्यायचा. वर्षातून एकदा नव्हे, वर्षभर. हे मुलांकडून पाठ करवून म्हणवून घेऊ नका. शक्य असेल तर त्यांच्यापैकी कुणाला तरी मानाने, मानधन देऊन बोलवा. जमलं नाही तर फक्त माहिती द्या.

आणि खरोखरचा आभाराचा विधी मराठीत हवा असेल तर तो बेने इस्रायली घरांत आहे. कोकणात शतकानुशतकं राहिलेले, तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवले जाणारे हे मराठी ज्यू. नवस फिटला, लग्न ठरलं, नवं घर झालं की त्यांच्याकडे मलिदा होतो. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा असं एका ताटात रचून वर फळं मांडतात, एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावाने प्रार्थना होते आणि मग सगळ्यांना वाटप. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहूचं ठिकाण आहे, तिथे जाऊनही करतात. झाडांच्या ज्यू नववर्षाला, तू बिश्वातला, तर मलिदा असतोच. पोहे म्हणजे भातच, फक्त कांडलेला. तुमच्या भागातही बेने इस्रायली कुटुंबं आहेत. त्यांना ताट मांडायला बोलवा, तुम्ही स्वतः ‘ज्यू पदार्थ’ म्हणून करून ठेवू नका.

काय गाळायचं ते पटकन सांगतो. गुढीपाडवा सुगीचा सण म्हणून इंग्रजी याद्यांत सर्रास दिसतो, पण गुढीखाली नवं धान्य खाण्याचा विधी नाही, तो वर्षारंभ आहे. बैलपोळा बैलांचा, तेव्हा पीक कोवळं असतं. मिझोरामचा चापचार कूट झूम शेतीसाठी जंगल तोडून झाल्यावरचा, पेरणीच्याही आधीचा. बैसाखी, ओणम, पोंगल मुलांना शाळेतल्या मित्रांकडून माहीत असतात, तिथे वेळ घालवू नका. पोंगलमधलं एकच घ्या, मुख्य पोंगलच्या दुसऱ्या दिवशीचं माट्टु पोंगल, कारण तिथे वाटा गुरांना जातो.

हाताने करायचं काम म्हणून नवं बांधायला द्या. कणसं-लोंब्या भारतातून सामानात घालून आणू नका, बियाणं आणि वनस्पतींवर कॅनडाच्या सीमेवर कडक नियम आहेत. मका तिथल्या शेतकऱ्याकडून घ्या, शक्यतो रंगीत दाण्यांचा. ओट किंवा गव्हाच्या ओंब्या फुलवाल्याकडे वाळवलेल्या मिळतात. झेंडू पहिलं दंव गोठेपर्यंत बागेत असतो. आंब्याची पानं भारतीय दुकानात मिळाली तर उत्तम, नाहीतर मक्याचीच सालं वापरा. मेपलचं पान दिसायला छान, पण दोरी आवळली की तुकडे होतात. मक्याची सालं अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून ठेवली तर ती हवी तशी वळतात आणि लहान मुलांच्या हातातही फाटत नाहीत.